जेलेप ला खिंडीकडे जाणारी जुनी खेचरवाट : आज काही उरलंय का?

भटक्या_धरमपेठ

मंडळी, ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही चार टाळकी पूर्व सिक्कीमला जायचं म्हणतोय. नथुला मुद्दाम टाळतोय. गाडीतून उतरा, तारेपलीकडचा चिनी शिपाई बघा, फोटो काढता येत नाही म्हणून हळहळा आणि कॉफी पिऊन परत या, असं ज्याने त्याने सांगितलंय. मला बघायचीय ती त्याच्या शेजारची जुनी वाट. कालिम्पोंगहून निघायचं, पेडोंग, ऱ्हेनॉक, रोंगली, झुलुक, नाथांग, कुपुप करत जेलेप ला ओलांडायची आणि तिबेटच्या चुंबी खोऱ्यात उतरायचं. डिसेंबर १९०३ मध्ये ब्रिटिश अधिकारी यंगहजबंडची फौज इथूनच तिबेटात शिरली आणि पुढच्या ऑगस्टमध्ये ल्हासाला पोचली. त्यानंतर जवळजवळ साठ वर्षं या वाटेवरून खेचरांचे तांडे लोकर आणत राहिले. १९६२ ला सगळं बंद.

प्रश्न असा की मूळ वाट जमिनीवर शिल्लक आहे का, की मोटाररस्त्याने गिळली? शिल्लक असेल तर कुठून कुठपर्यंत चालू देतात? माझं मत आधीच सांगून टाकतो. खिंड बंद झाली तेव्हाच ही वाट मेली. आता 'ओल्ड सिल्क रूट' म्हणून पॅकेज विकतात त्यात जुनं फक्त पाटीवर आहे. कोणी खोडून काढलं तर आनंदच होईल.

तर्रीपोहा

रुमाल टाकून ठेवतो. पण भाऊ, चौदा हजार फूट चढून जाऊन रायले अन् खिंडीले हातबी लावू देत नाई, तं कायले जाऊन रायले? त्यापेक्षा आपल्या नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर जा. तिथं कोणी अडवत नाई.

बर्डीवाला

@तर्रीपोहा, सेमिनरी हिल्सवर पण संध्याकाळनंतर अडवतात. अनुभव आहे. कारण विचारू नये.

मुक्ता_प्र

आम्ही झुलुक-नाथांग केलंय, पण गाडीनेच. बुकिंगच्या वेळी 'संपूर्ण जुना रेशीम मार्ग' असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात ड्रायव्हर थंबी व्ह्यू पॉइंटला थांबला, खालची बत्तीस वळणं दाखवली आणि म्हणाला, हाच सिल्क रूट. एजन्सीचं नाव घेत नाही, बहुतेक सगळ्यांचं एकच छापील पत्रक असतं. दृश्य मात्र पैसे वसूल होतं. पहाटे ढग खाली असतात आणि रस्ता जिलबीसारखा दिसतो.

रेशमाचं म्हणाल तर या वाटेवर मुख्य माल कच्ची लोकर. तिबेटातून लोकर, याकची शेपटं, कस्तुरी खाली यायची. वर जायचं कापड, तंबाखू, रॉकेल, भांडी, घड्याळं. कालिम्पोंगच्या टेन्थ माईल भागात लोकरीची गोदामं होती, व्यापारात मारवाडी पेढ्या पुढे. तिथून लोकर पार अमेरिकेत गालिच्यांसाठी जायची.

निवृत्त_अभियंता

धागाकर्त्याच्या 'गिळली का' या प्रश्नाला रस्तेवाल्याच्या नजरेतून उत्तर देतो. माझी नोकरी सपाट विदर्भातच गेली, तरी सुरुवातीची काही वर्षं प्रतिनियुक्तीवर डोंगरात काढली आहेत.

खेचराची वाट आणि ट्रकचा रस्ता एकाच जागी बसत नाहीत, कारण चढ वेगळा. आपल्याकडच्या मानकांप्रमाणे तीन हजार मीटरच्या वर मोटाररस्त्याचा नेहमीचा चढ वीसास एक धरतात. म्हणजे वीस मीटर चाललं की एक मीटर वर. लादलेलं खेचर याच्या तिप्पट-चौपट खडा चढ सहज घेतं. त्यामुळे जिथे ट्रकला बत्तीस वळणं लागतात तिथे जुनी वाट जवळजवळ नाकासमोर वर जाते. याचा अर्थ असा की नवा रस्ता जुन्या वाटेवर बसलेला नसतो, तो तिला पुन्हा पुन्हा आडवा छेदतो. दोन वळणांच्या मधल्या उतारावर वाटेचे तुकडे पडून असतात. छेद होतो तिथे मात्र वरच्या रस्त्याचं भरावाचं दगडमाती खाली लोटलेलं असतं, म्हणून गाडीतून ती दिसत नाही. वळणावर उतरून रस्त्याच्या काठावरून खाली वाका, मग दिसेल.

दुसरं, वापर थांबला म्हणून रस्ता मरत नाही, पाण्याने मरतो. आधी मोरी तुंबते. मग पाणी रस्त्यावरून वाहतं, बाहेरची कड धुऊन नेतं, आणि दोन पावसाळ्यांत अर्धी रुंदी दरीत. सिमेंटच्या भिंतीमागे पाणी साठलं की भिंत पोट काढते. जुन्या वाटांच्या भिंती बिनचुन्याच्या, नुसते दगड रचलेल्या. पाणी फटींतून निघून जातं म्हणून शंभर वर्षांनीही उभ्या. आमच्या साइटवर एक मुकादम होता. कोरड्या भिंतीचा दगड लावण्याआधी तो हातात तीनदा फिरवायचा आणि त्याची लांब बाजू डोंगराच्या पोटात घालायचा. आम्ही नवे इंजिनियर लांब बाजू बाहेर ठेवा म्हणायचो, भिंत दिसायला मोठी दिसते म्हणून. तो मान डोलवायचा आणि आत घालायचा.

खापरीचा_खवीस

अभियंता साहेब, हेच ज्ञान आमच्या वस्तीतल्या रस्त्याला का नाही लागत हो? तिथे तर खिंड बंद न होताच दर जुलैत रस्ता मरतो.

निवृत्त_अभियंता

म्हणूनच 'निवृत्त' लिहिलंय.

गंगोत्रीवारी

धागाकर्त्याने फक्त सिक्कीमचं विचारलंय, तरी एक दुसरी वाट सांगते. उत्तरकाशी जिल्ह्यात गंगोत्रीच्या अलीकडे भैरोंघाटीजवळ लंका म्हणून जागा आहे. तिथून गरतांग गली. जाड गंगेच्या दरीवर कड्यात खोबणी करून लाकडी फळ्यांचा रस्ता लटकवलाय, १३६ मीटर लांब. नेलांगमार्गे तिबेटशी मीठ-लोकरीचा व्यापार चालायचा त्याची ही वाट. १९६२ च्या युद्धात नेलांग आणि जाडुंग ही गावं रिकामी केली, माणसं बगोरी-हर्सिलकडे हलवली आणि फळ्या कुजत पडल्या. २०२१ च्या ऑगस्टमध्ये दुरुस्त करून लोकांसाठी उघडली.

मी गेले तेव्हा गर्दी नव्हती. फळीच्या फटीतून खाली नदी दिसते. पांढरी रेघ, आवाज मात्र कानाशी. कड्याच्या बाजूला हात लावला तर छिन्नीचे घाव बोटांना लागतात, अगदी तिरपे, एकाच हाताने मारल्यासारखे. पेशावरच्या पठाणांनी बांधली असं तिथे सगळेच सांगतात.

आणि दुसऱ्या बाजूला लाकडी कठडा. त्यावर पिंकी, राजू, बदाम, बाण. उघडल्याच्या पहिल्या काही आठवड्यांतच हे सुरू झालं होतं, बातम्याही आल्या होत्या. म्हणून मला वाटतं काही वाटा बंद राहिलेल्याच बऱ्या.

बर्डीवाला

+१. शेवटच्या वाक्याला तर +१००.

लाहौलची_सून

अजिबात नाही. माहेर नागपूर, सासर हिमाचलात केलाँगच्या पुढे, म्हणून बोलते. 'वाटा बंद राहिलेल्या बऱ्या' हे चालून परत जाणाऱ्याला बरं वाटतं. रोहतांग ही काही देशाची हद्द नाही, पण १३,०५० फुटांवरची ती खिंड हिवाळ्यात बंद झाली की आमच्यासाठी हद्दच होती. बाळंतीण अडली, आजारी माणूस अडला, तर हेलिकॉप्टरची वाट बघायची, तेही हवामान असेल तर. ३ ऑक्टोबर २०२० ला नऊ किलोमीटरचा अटल बोगदा उघडला. सासूबाई पहिल्याच हिवाळ्यात दात काढायला कुल्लूला गेल्या. दात काढायला! आधी उन्हाळ्यापर्यंत लवंग धरून बसायच्या.

आता रोहतांगवर पर्यटक बर्फात लोळायला जातात, आम्ही बोगद्याने जातो. जुन्या रस्त्याबद्दल हळहळ आमच्यात कुणाला वाटलेली मी तरी ऐकली नाही.

गंगोत्रीवारी

@लाहौलची_सून, रोहतांगबद्दल तुमचं मान्य, तिथे माणसं राहतात आणि अडतात. गरतांग गलीच्या पलीकडचं गाव साठ वर्षांपूर्वीच हलवलेलं आहे. तिथे जाणारे फक्त आपण, सेल्फीवाले. दोन्हीला एक न्याय नको.

लाहौलची_सून

हलवलेल्या गावाच्या लोकांना विचारलं का कुणी, त्यांना वाट उघडी हवी होती की बंद?

तर्रीपोहा

पॉपकॉर्न घेऊन बसलो. माफ करा, पोहे. तर्री वेगळी.

गोंदियाकर

या वाटांवरून खाली आलेली माणसं आपल्या विदर्भातच राहतात, हे अजून कोणी कसं काढलं नाही? अर्जुनी मोरगाव तालुक्यात, प्रतापगडजवळ गोठणगावला नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७० च्या दशकापासून आहे. नवेगाव बांधला जाता येता बाजूला प्रार्थनेच्या पताका दिसतात त्या तिथल्याच. धानाची शेती करतात, आणि थंडीत स्वेटर विकायला गावोगाव जातात. नागपुरात दर हिवाळ्यात तिबेटी स्वेटरचा बाजार लागतो तो आपण सगळेच लहानपणापासून बघतोय.

आमच्या घरी येणाऱ्या एक आजीबाई होत्या. माझी आई त्यांना मावशी म्हणायची. स्वेटरचं माप बघताना एकदा आईनेच विचारलं, कशा आलात म्हणून. म्हणाल्या, "रात को चलते थे, दिन में पत्थर के पीछे सोते थे. याक छोड़ दिया, बर्तन छोड़ दिया." आणि लगेच, "ये वाला लाल ले लो, धोने से नहीं सिकुड़ेगा." भाव करताना एक रुपया सोडायच्या नाहीत.

त्यांची पुढची गोष्ट मला जास्त लागली. इकडे आल्यावर पहिली काही वर्षं त्या डोंगरात रस्त्याच्या कामावर होत्या, खडी फोडायला. १९५९ नंतर आलेल्या हजारो तिबेटींना सरकारने आधी रस्त्यांच्या कामावरच लावलं होतं. म्हणजे मुक्ताताईंनी वर सांगितलेली वळणं ज्या काळात निघाली, त्या काळातली बरीच खडी या लोकांनी फोडलेली.

मुक्ता_प्र

गोंदियाकर, हे माहीतच नव्हतं. गोठणगावला बाहेरच्यांना जाता येतं का?

गोंदियाकर

आम्ही तर सहज जातो. गोम्पा म्हणजे बौद्ध मठ आहे. लोक बोलायला मोकळे आहेत. तरण्या पोरांचं मराठी आपल्या पुण्याच्या भाच्यांपेक्षा बरं, आणि झाडीपट्टीचा हेल पक्का.

खापरीचा_खवीस

पुण्याला मध्ये आणलंच. आता धागा २०० पार.

नकाशावेडा

अवांतर, पण नागपूरकरांनी तरी हे सांगायलाच हवं. आपला झिरो माईल, चार घोडे आणि दगडी खांब, हा मुळात सर्वेक्षणाचा दगड. त्याच सर्वेक्षण खात्याने सीमेपलीकडचे रस्ते मोजायला 'पंडित' पाठवले होते. गोऱ्या माणसाला तिबेटात प्रवेश नव्हता, म्हणून डोंगरातल्या शिक्षकाला आणि व्यापाऱ्याला शिकवून यात्रेकरूच्या वेशात धाडायचं.

त्यातला सगळ्यात मोठा नैनसिंग रावत. कुमाऊँच्या जोहार खोऱ्यातला, मिलम गावाकडचा. त्याच्या माळेत १०८ ऐवजी १०० मणी. दर शंभर पावलांना एक मणी ओढायचा. प्रार्थनाचक्रात मंत्राच्या जागी टिपणांचे कागद. पाऊल मोजून मोजून एकसारखं केलेलं, सुमारे दोन हजार पावलांचा मैल. असा तो १८६५-६६ मध्ये नेपाळमार्गे ल्हासापर्यंत गेला. ल्हासाची उंची त्याने पाणी किती अंशाला उकळतं यावरून काढली.

आणि त्याचं मिलम? उंटाधुरा आणि पुढच्या खिंडींवरून तिबेटशी व्यापार करणारं शेकडो घरांचं गाव. १९६२ नंतर व्यापार संपला आणि गाव ओस पडलं. आता उन्हाळ्यात थोडी कुटुंबं वर जातात, बाकी बिनछपराच्या भिंती. तेव्हा @लाहौलची_सून यांचा प्रश्न मलाही रास्त वाटतो.

बर्डीवाला

झिरो माईल म्हणजे भारताचा मध्यबिंदू ना? शाळेत असंच सांगितलं होतं.

नकाशावेडा

भौगोलिक मध्य म्हणून त्याची ख्याती आहे, पण दगडावर कोरलंय ते समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचं, हजार वीस फुटांचं. मध्याच्या वादावर वेगळा धागा काढा, इथे नको. मागच्या वेळी त्यावरून तीन आयडी गेले.

डॉ_इतवारी

हजार वीस फुटांवरून आठवलं. धागाकर्ते, तुम्ही नागपूरच्या हजार फुटांवरून निघून कुपुपच्या तेरा हजारांवर जाणार. पॅकेजवाले हे दोन दिवसांत करवतात, आणि तिथेच गडबड होते. झुलुक साधारण दहा हजारांवर आहे, तिथे किमान एक रात्र, जमल्यास दोन. नाथांगला मुक्काम असेल तर त्या रात्री दारू नाही, बोरकर जिंकले तरी नाही. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं इथपर्यंत थांबा आणि बघा. तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर सकाळची वाट न बघता खाली उतरा. गोळी घ्यायची असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून, मेडिकलवाल्याला विचारून नाही. ब्लडप्रेशरची गोळी चालू असलेला चौघांत कोणी आहे का?

भटक्या_धरमपेठ

डॉक्टर, चौघांत तिघांना आहे. आणि बोरकर कोण?

डॉ_इतवारी

आमच्या कट्ट्यावरचे. कॅरममध्ये कधी जिंकत नाहीत.

किन्नौरप्रेमी

पायी चालायचाच हट्ट असेल तर सिक्कीमपेक्षा हिंदुस्तान-तिबेट रस्ता घ्या. १८५० मध्ये डलहौसीच्या काळात सुरू झाला, सिमल्याहून नारकंडा, सराहन, चिनी म्हणजे आताचं कल्पा, पुढे शिपकी लापर्यंत न्यायचा बेत. आताचा राष्ट्रीय महामार्ग सतलजच्या काठाने कडा कोरून जातो. जुना रस्ता त्याच्या बराच वरून, देवदारांतून, गावागावांना धरून. कल्पा ते रोगी हा तुकडा कोणीही चालू शकतं, समोर अख्खा किन्नर कैलास. खालच्या महामार्गावर दरडी कोसळतात तेव्हा वरच्या गावांतले लोक अजूनही या वाटेने पुढे सरकतात.

शिपकी लासुद्धा जून २०२५ पासून भारतीय पर्यटकांसाठी उघडलाय.

तर्रीपोहा

म्हणजे तिथं खिंडीले हात लावू देते! भटक्या भाऊ, तिकीट बदला.

भटक्या_धरमपेठ

तिकीट गीतांजलीचं हावड्यापर्यंत काढून झालंय, पुढे सियालदाहून दार्जिलिंग मेल. आता सिमला पुढच्या वर्षी.

निवृत्त_अभियंता यांच्या प्रतिसादाने माझा अर्धा प्रश्न सुटला. उरलेला अर्धा तसाच आहे. त्या तुकड्यांवरून चालू देतात का, आणि कुठपर्यंत?

रोंगली_रिटर्न

उशिरा आलो, धागा आत्ता वाचला. मी याच वाटेवर मुद्दाम हिंडलोय, म्हणून नीट सांगतो.

जेलेप लावर सामान्य माणसाला सोडत नाहीत, त्याचा नाद सोडा. कुपुपहून खिंडीची बाजू दिसते, तेवढंच. पलीकडे थोडं पूर्वेला २०१७ मध्ये भारत-चीन तणावाने गाजलेलं डोकलाम, त्यामुळे तिथल्या जवानाशी हुज्जत घालू नका. परमिट रोंगलीला मिळतं, फोटो आणि ओळखपत्राच्या प्रती जास्तीच्या ठेवा. ड्रोन घरी ठेवा.

वाट मात्र आहे. अभियंता साहेबांनी न बघता बरोबर सांगितलंय. फादमचेन ते झुलुक आणि झुलुकच्या वर लुंगथुंगकडे, वळणांच्या मधून दगड लावलेली पायवाट नाकासमोर चढते. रुंदी दोन लादलेली खेचरं घासून जातील एवढी. पायऱ्यांसारख्या आडव्या दगडांच्या कडा मधोमध झिजून खोलगट झाल्यात, पाऊस पडला की त्यात पाणी साठतं. ओल्या दगडावर घसरायला होतं, बूट चांगले हवेत. होमस्टेवाल्याला 'पुराना खच्चर रास्ता' म्हणा, लगेच पोरगा सोबत देतो. सिल्क रूट म्हणालात तर गाडीत बसवतो.

आता धागाकर्त्याचं मत, की खिंड बंद झाली तेव्हा वाट मेली. वरचं टोक मेलं, हे खरं. खालची वाट रोज चालू आहे. मी चढत असताना समोरून गणवेशातली पोरं धडाधड उतरत होती, शाळेला, कारण रस्त्याने जायचं तर वळणं घेत तिप्पट अंतर. एक बाई पाठीवर गॅसचा सिलिंडर बांधून वर येत होत्या. मी बाजूला झालो तर हसून म्हणाल्या, तुम्हीच आधी जा, तुम्हाला वेळ लागेल.

नाथांगला १८८८ च्या तिबेटी लढाईतल्या ब्रिटिश सैनिकांची दफनभूमी आहे, ती बघा. कुपुपच्या अलीकडे बाबा हरभजनसिंग या दिवंगत जवानाचं जुनं मंदिर, मूळ बंकर. नवं मंदिर गंगटोकच्या बाजूने येणाऱ्यांसाठी, तिथे गर्दी.

नकाशावेडा

उत्तम प्रतिसाद. याच हिमालयातल्या वाटांवरून तेराव्या दलाई लामांच्या मोटारी सुट्या करून, माणसांच्या आणि जनावरांच्या पाठीवर ल्हासाला नेल्या होत्या. दोन बेबी ऑस्टिन आणि एक डॉज. तिथे पुन्हा जोडल्या. चालवायला रस्ते मात्र ल्हासातही जेमतेमच.

खापरीचा_खवीस

आमच्या वस्तीतही गाडी सुटी करून नेणं सोपं पडेल.

लाहौलची_सून

@रोंगली_रिटर्न, सिलिंडरवाल्या बाईंना माझा नमस्कार.

भटक्या_धरमपेठ

रोंगली_रिटर्न, खोडून काढल्याबद्दल आभार. फादमचेन ते झुलुक पायी, झुलुकला दोन रात्री, मग नाथांग, असं ठरवतोय. न्यू जलपाईगुडीहून रोंगलीला तिस्ताकाठच्या रस्त्याने जायचं की लावामार्गे?

रोंगली_रिटर्न

ऑक्टोबर २०२३ च्या तिस्ताच्या पुरापासून नदीकाठचा राष्ट्रीय महामार्ग १० भरवशाचा नाही. कधी चालू, कधी बंद. निघायच्या आदल्या दिवशी ड्रायव्हरला फोन करून विचारा. बंद असेल तर लावा-पेडोंगवरून. वेळ जास्त लागतो, पण तुम्हाला पेडोंग तसंही बघायचंय.

डॉ_इतवारी

तिघे ब्लडप्रेशरवाले निघण्याआधी दवाखान्यात येऊन जा. वाट पाहतोय.

तर्रीपोहा

चौथ्याचं काय? त्याले नाथांगला ओझं उचलाले ठेवा.